आधी जाळीची खालची कड खोचा

ऊन तापलं की टोमॅटोवर पहिली चोच पडते. पाखराला तेव्हा भुकेपेक्षा तहान जास्त असते आणि आसपास कुठे ओल उरली नसेल तर तुमचं पाणीदार फळ हाच त्याचा पाणवठा. त्यामुळे पहिल्या फळाला रंग चढायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात, जाळी लावून मोकळे व्हा. एकदा चटक लागली की पाखरू फट शोधत रोज येतं.

जाळी बहुतेक जण लावतातही. नुकसान बघायला बोलावलं की मी झाडाकडे नंतर जातो, आधी जाळीच्या कडेने एक फेरी मारतो. कमानी पक्क्या, वरचा ताण झकास, आणि खाली काय? चार कोपऱ्यांवर चार विटा! दोन विटांच्या मधे वाऱ्याने कड फुगते, मुठीएवढी फट पडते. खारीला तेवढी खूप झाली. चिमणी, बुलबुल त्या फटीतून टुणटुण उड्या मारत आत जातात, पण घाबरल्यावर फट शोधत बसत नाहीत, थेट वर उडतात आणि जाळीत गुंततात. परवाच एक बुलबुल असा सापडला. पायाच्या नखीत दोन धागे आवळलेले, आणि खाली मातीत सात टोमॅटो, प्रत्येकाला एकेकच टोच.

कड बसवायची ती अशी. 3 ते 4 मिमी जाड तार घ्या, वाकवून 20 ते 25 सेंमी लांबीच्या खुंट्या करा आणि दर 30 सेंमीवर एक ठोका. माती भुसभुशीत असेल तर कड सरळ लाकडी पट्टीला गुंडाळून वर माती ओढा. खारींचा उपद्रव असेल तर नायलॉन विसरा, ती कुरतडून आत येते. खालच्या भागाला 12 मिमी छिद्राची वेल्डमेश तारजाळी लावा, 15 सेंमी जमिनीत गाडा आणि गाडलेली कड आणखी 15 सेंमी बाहेरच्या बाजूला वाकवा. उकरत आलेली खार त्या वाकणावर अडते. कमानीला मात्र वरूनही जाळी हवी, खार उडी मारून येते.

वरची जाळी घेताना करंगळी घालून बघा. करंगळी आरपार गेली तर ती जाळी नको. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर 2021 पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं छिद्र पूर्ण ताणल्यावरही 5 मिमी × 5 मिमीपेक्षा मोठं असता कामा नये, असा नियमच आहे. मोठ्या छिद्रांत पाखरं, वटवाघळं आणि साप अडकून मरत होते. जाळी झाडावर टाकून देऊ नका, पानांपासून निदान एक वीत लांब राहील अशी कमानींवर ताणा. जाळीला टेकलेलं फळ बाहेरूनच टोचलं जातं.

एवढ्या बारीक जाळीतून मधमाशी मात्र सहज जात नाही. टोमॅटो, मिरची, घेवडा यांचं तिच्यावाचून भागतं. काकडी, भोपळा, दोडका यांचं भागत नाही. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, तेव्हा दोन तास एक बाजू उघडा किंवा नरफुलाचा पराग हाताने मादीफुलाला लावा. दोडका संध्याकाळी फुलतो, त्याला तीच वेळ द्या. आणि परत येताना कड खोचायला विसरू नका. नेमकी इथेच राहून जाते.

चोर कोण ते आधी ओळखा. चोचीचा खड्डा टोकदार असतो. खारीच्या खाण्यावर दोन समांतर दातांच्या खुणा दिसतात आणि अर्धवट खाल्लेलं फळ खाली पडलेलं असतं. रात्री नुकसान होत असेल तर खारीला दोष देऊ नका, ती दिवसा फिरते. रात्रीचा मामला बहुतेक उंदराचा.

आता विक्रेत्यांचं. पाखरं-खारी पळवायला कर्णातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची पेटी घ्या म्हणून गळ घालतात. तो आवाज 20 किलोहर्ट्झच्या वरचा, आणि पाखरांना साधारण 10 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकूच येत नाही. खारीला ऐकू येईल, पण चार दिवसांत तिला त्याची सवय होते. प्लास्टिकचं घुबड, चमकती फीत, जुन्या सीडी यांचंही तसंच. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदललीत तर थोडे दिवस निभतं. डांबरगोळ्या वाफ्यात टाकू नका, त्या विषारी असतात. चिकट फळ्या आणि विषारी आमिषं तर मुळीच नकोत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकतं.

तिखटाचं पाणी पाखरांना कळतही नाही, त्यांना तिखट झोंबत नाही. खारीला झोंबतं. एक लिटर पाण्यात दोन चमचे तिखट रात्रभर भिजवून गाळायचं, 5 मिली पातळ साबण घालून फवारायचं, हे माप माझं अंदाजाचं आहे. पाऊस आला की परत फवारा, डोळे जपा, फळ धुऊन खा.

नेहमीची कामं:
- मका, वाटाणा 4 ते 5 सेंमी खोल पेरा. रोपं वीतभर होईपर्यंत झाकून ठेवा.
- टोमॅटोच्या बुडाला गुलाबी झाक दिसताच तोडा. 20 अंशांच्या आसपास घरात पिकवा, फ्रिजमध्ये नको.
- पडकी, टोचलेली फळं रोज उचला.
- पाण्याचं उथळ भांडं वाफ्यापासून लांब, सावलीत ठेवा आणि रोज धुऊन भरा. याने चोची कमी पडतात असा माझा अनुभव आहे, खात्री नाही.
- सकाळ-संध्याकाळ कडेने एक फेरी.

पाखरू अडकलंच तर ओढू नका. डोक्यावर फडकं टाका, ते शांत होतं. मग धागे बारीक कात्रीने कापा, जाळी गेली तरी चालेल. पीक संपलं की जाळी त्याच दिवशी गुंडाळून उंच टांगा. जमिनीवर पडलेल्या जाळीत साप अडकतो, आणि तो सोडवायला सर्पमित्रच बोलवावा लागतो.