मांजरीची तान्ही पिल्लं सापडली तर: आधी ऊब, मग दूध

जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा पार्किंगमध्ये डोळेही न उघडलेली पिल्लं दिसली की हात आपोआप पुढे जातो. थांबा. बहुतेक वेळा आई मेलेली नसते. ती खायला गेलेली असते किंवा माणसं घोळका करून उभी आहेत म्हणून लांबून बघत असते. बाटलीवरच्या पिल्लापेक्षा आईजवळचं पिल्लू जगण्याची शक्यता कितीतरी जास्त, म्हणून आई येते का हे बघणं हे पहिलं काम.

पिल्लं उबदार, गोल पोटाची आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळपास आहे असं धरून चाला. तीस-चाळीस फूट लांब जा, मुलांना बाजूला करा आणि तीन-चार तास वाट बघा. पहारा शक्य नसेल तर पिल्लांपासून दोन हातांवर गव्हाच्या पिठाचं पातळ कडं भुरभुरा. परत आल्यावर त्यात पंजे उमटलेले दिसले तर कुणीतरी मांजर येऊन गेलंय. मग पिल्लांची पोटं बघा. पीठ पिल्लांना लागून टाकू नका आणि काम झालं की पुसून घ्या, नाहीतर मुंग्या येतात आणि तान्ह्या पिल्लांना चावतात. पावसाचं पाणी शिरत असेल किंवा कुत्री फिरत असतील तर पिल्लं खोक्यात घालून जवळच्याच कोरड्या जागी ठेवा. आई त्यांच्या आवाजावर येते. माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकते, हा समज चुकीचा आहे.

अंग गार पडलेलं, सतत ओरडणं, किंवा ओरडून ओरडून आवाजच बसलेला, असं असेल तर मात्र लगेच उचला.

गार पिल्लाला दूध नाही

घरी आणल्या आणल्या दूध पाजणं ही सगळ्यात घातक चूक. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, ते स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. गार अंगात आतडी चालत नाहीत, गिळणंही नीट होत नाही. दूध पोटात पडून राहतं किंवा थेट फुप्फुसात जातं. चांगल्या मनानं पाजलेल्या त्या दुधानंच पिल्लू सकाळपर्यंत जातं.

पुठ्ठ्याचा खोका घ्या. गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त गरम वाटलं तर पिल्लाला सरकता येईल. बाटली दर दोन-तीन तासांनी भरा. निवलेली बाटली पिल्लाच्या अंगातलीच ऊब ओढून घेते. हेअर ड्रायर किंवा उघडी गरम बाटली नको, त्वचा भाजते. पोट आणि पंजे हाताला उबदार लागायला तास-दोन तास जाऊ शकतात. तेवढ्या वेळात फार मलूल वाटलं तर साखरेच्या पाण्याचं बोट हिरड्यांवर फिरवा आणि व्हेटला फोन लावा.

किती, कसं, कधी

गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब होतात आणि जुलाबानं शोष पडतो. पेट शॉपमध्ये मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच डब्यावरच्या प्रमाणात कालवा. रात्री दुकान बंद असेल तर तेवढ्यापुरतं शेळीचं दूध चालवून घ्या.

वजनाशिवाय मात्रा ठरत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवाच. जन्माच्या वेळी पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं. वय ओळखायचं तर डोळे दुसऱ्या आठवड्यात पूर्ण उघडतात, पुढचे दात तिसऱ्यात दिसू लागतात. दर १०० ग्रॅमला एका वेळी ४ मिलीच्या आसपास. पोट त्याहून जास्त मावून घेत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात तीन-चार तासांनी, पुढे चार-पाच तासांनी. रोज त्याच वेळी वजन करून लिहा: दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन एक दिवस अडलं तर लक्ष ठेवा, घटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दूध मनगटावर कोमट लागेल इतपतच गरम. सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या. पिल्लू आई पाजते तसं पालथंच ठेवा, बाळासारखं उताणं कधीच नाही. थेंब-थेंब सोडा, त्याला गिळू द्या. नाकातून दूध आलं तर थांबा, तोंड खाली करून पुसा. नंतर श्वास घरघरला तर न्यूमोनियाची भीती असते, तेव्हा व्हेटकडे न्या.

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हातानं त्या जागी फिरवत राहा. शू फिकट असावी. गडद पिवळी झाली म्हणजे अंगात पाणी कमी पडतंय.

जे घरातलं असूनही विष आहे

पिसवा काढायला बारीक दातांची फणी वापरा. पिसवा फार असतील तर हिरड्या पांढऱ्या पडतात, इतकं रक्त त्या पितात. पण कुत्र्यांची परमेथ्रिनवाली (पिसवा मारायच्या कीटकनाशकाची) पावडर, फिनेल, डेटॉल यांतलं काहीही पिल्लाला लावू नका, आणि तापासाठी पॅरासिटामॉल तर अजिबात नको. त्यानं मोठं मांजरही मरतं.

नवं पिल्लू घरातल्या मांजरांपासून दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरून जातो, जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं राहू द्या.

चौथ्या आठवड्यापासून मीठ, हळद, कांदा न घातलेलं उकडलेलं चिकन वाटून ताटलीत द्या. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करता येतं, मात्रा व्हेट वजनावर ठरवतो. तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हे काम नियमित करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी.

आणि आईला विसरू नका. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण ६५ दिवसांत पुढची खेप तयार होते. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, खायला लागली, की पिंजऱ्यात सुकट किंवा बांगड्याचा तुकडा ठेवून तिला धरा, पिंजरा लगेच चादरीनं झाका, अंधारात ती शांत होते. नसबंदी करताना भूल उतरण्याआधी कानाचं टोक कापून घ्यायला सांगा, ती नसबंदी झाल्याची खूण असते, म्हणजे पुढच्या वेळी तिला कुणी पुन्हा टेबलावर घेणार नाही. जखम बरी झाली की तिला जिथून उचललं तिथेच सोडायचं.