द्रवाचे स्वयंप्रज्वलन तापमान चंबूत कसे मोजावे

ठिणगी, ज्योत किंवा अन्य कोणताही बाह्य स्रोत नसताना, केवळ भोवतालच्या उष्णतेने ज्या किमान तापमानाला पदार्थाची वाफ हवेत पेट घेते, त्याला स्वयंप्रज्वलन तापमान म्हणतात. फ्लॅश पॉइंटशी, म्हणजे ठिणगी किंवा ज्योत दाखवल्यावर द्रवावरची वाफ ज्या किमान तापमानाला पेटते त्याच्याशी, त्याची गल्लत नेहमी होते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे 40 अंश सेल्सियस असतो, म्हणून ठिणगी पडताच ते भडकते. डिझेलचा फ्लॅश पॉइंट त्याहून कितीतरी वर असतो, तरीही तापलेल्या पृष्ठभागावर आपोआप पेटण्याच्या बाबतीत डिझेलच पेट्रोलच्या आधी पेट घेते, आणि डिझेल इंजिन स्पार्क प्लगविना चालते ते याच गुणामुळे. तेव्हा एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

या चाचणीची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची ई 659 ही आहे. तिच्यासाठी 500 मिलिलिटरचा, गोल बुडाचा बोरोसिलिकेट काचेचा चंबू विद्युत भट्टीत बसवतात. चंबूच्या बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळतात, कारण काच सर्वत्र सारखी तापली नाही तर मोजलेले तापमान नेमके कोणत्या जागेचे, हेच सांगता येत नाही. बुडाशी, मध्यावर आणि मानेजवळ बाहेरून थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) लावावेत आणि एक बारीक थर्मोकपल चंबूच्या आत, हवेच्या केंद्रापाशी ठेवावा. चंबूचे तोंड उघडेच राहते. त्याच्या वर तिरका आरसा बसवावा. आत पाहण्यासाठी चेहरा चंबूवर आणण्याची चूक एकदाही करू नये. सर्व काम फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), ढाल लावून, हातमोजे व चष्मा घालून करावे आणि नमुन्याची मूळ बाटली भट्टीपासून दूर ठेवावी. डायएथिल ईथरसारख्या द्रवाचा जुना साठा असेल तर त्यात पेरॉक्साइड (तापवल्यास स्फोट घडवू शकणारे संयुग) साचले आहे काय, हे आधी तपासावे. साचले असल्यास तो नमुना तापवू नये.

चाचणी अंधाऱ्या खोलीत करावी, आणि ही औपचारिकता नव्हे. अनेक हायड्रोकार्बन आणि ईथर खऱ्या ज्वलनापूर्वी शीत ज्योत दाखवतात: फिकट निळसर, क्षणभर टिकणारी, उजेडात अजिबात न दिसणारी. तिच्यामुळे आतले तापमान थोडेच वाढते, तर खऱ्या ज्वलनात ते एकदम शेकडो अंशांनी उसळते. म्हणून डोळा आणि आतल्या थर्मोकपलचा आलेख, दोन्हींची साक्ष घ्यावी आणि शीत ज्योतीचे तापमान वेगळे नोंदवावे.

भट्टी अपेक्षित तापमानाला स्थिरावली की लांब, काटकोनात वाकवलेल्या सुईच्या सिरिंजने 100 मायक्रोलिटर द्रव चंबूच्या मध्यावर झटकन सोडावा, सुई लगेच बाहेर घ्यावी आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करावे. द्रवाची वाफ होताना आतले तापमान किंचित उतरते. त्याने गोंधळून जाऊ नये. मग 10 मिनिटे वाट पाहावी. ज्वाला दिसली तर विलंबाचा काळ लिहावा, चंबूत कोरडी हवा फुंकून जळालेले वायू पूर्णपणे बाहेर काढावेत, तापमान पुन्हा स्थिर होऊ द्यावे आणि खालच्या तापमानाला प्रयोग करावा. ज्वाला दिसली नाही तर तापमान वाढवून पाहावे. सुरुवातीला मोठी पावले टाकावीत. पेटणे आणि न पेटणे यांची सीमा सापडली की ती काही अंशांच्या पावलांनी आवळत न्यावी.

नवशिक्यांची घाई होते ती इथे. तापमान जसजसे उतरते तसतसा विलंब वाढत जातो, आणि सीमेजवळ तो सेकंदांतून मिनिटांत जातो. दोन मिनिटांत काही झाले नाही म्हणून चंबू हवेने धुऊन काढणारा माणूस प्रत्यक्षापेक्षा जास्त, म्हणजे धोकादायक बाजूचा आकडा नोंदवतो. दुसरी चूक नमुन्याच्या प्रमाणाची. 100 मायक्रोलिटरला पेटले नाही, तर 50 किंवा 150 ला पेटू शकते, कारण वाफ आणि हवेचे सर्वांत पेटते मिश्रण नेमके किती द्रवाने होईल हे आधी ठाऊक नसते. सर्व प्रमाणांमध्ये मिळालेले सर्वांत खालचे तापमान हेच उत्तर. काचेवर काजळी किंवा चिकट थर बसला तर चंबू बदलावा. त्या थरामुळे पुढचे सगळे निकाल बिघडतात.

खरे सांगायचे तर हा आकडा उत्कलनबिंदूसारखा पदार्थाचा जन्मजात गुण नव्हे. पात्र मोठे असेल तर आतून उष्णता बाहेर जायला तुलनेने कमी पृष्ठभाग मिळतो आणि ज्वलन खालच्या तापमानाला होते. दाब वाढला तरी बहुधा तसेच घडते. ॲसिटोनसाठी 465 आणि 535 अंश असे दोन्ही आकडे कोष्टकांत सापडतात, ते अशाच फरकांमुळे. म्हणून नवी मांडणी आधी एन-हेप्टेनसारख्या शुद्ध द्रवावर, त्याच पद्धतीने काढलेल्या प्रस्थापित मूल्याशी ताडून घ्यावी. पुण्यासारख्या समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या ठिकाणी बॅरोमीटरचे वाचन तर लिहावेच.

या निकालावर पुढे कारखान्यातल्या मोटारी, दिवे आणि हीटर यांची निवड होते. पृष्ठभागाच्या कमाल तापमानानुसार उपकरणांचे टी 1 ते टी 6 असे वर्ग आहेत: टी 1 ला 450 अंश, टी 3 ला 200, टी 4 ला 135, टी 6 ला फक्त 85. हेक्झेन सुमारे 225 अंशांना पेटते, म्हणून त्याला टी 3 चालतो. कार्बन डायसल्फाइड सुमारे 90 अंशांनाच पेटते, म्हणजे वाफेच्या साध्या पाइपनेही, आणि त्याला टी 6 शिवाय पर्याय नाही. धूळ किंवा तेलकट चिंध्या आतून तापत जाऊन पेटतात, तो वेगळा प्रकार. त्याला ही चाचणी लागू पडत नाही.

अहवालात तापमान, त्या तापमानाचा विलंब, नमुन्याचे प्रमाण व शुद्धता, हवेचा दाब आणि वापरलेली पद्धत यावी. डीआयएन या जर्मन मानक संस्थेच्या 51794 क्रमांकाच्या पद्धतीत 200 मिलिलिटरचे शंकुपात्र वापरतात, त्यामुळे पात्राचा आकार आकड्याच्या शेजारीच लिहावा, तळटीपेत नव्हे.