स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला नवीन येताय ना, मग पहिले पाहुणे घरी बोलवायचं तेवढं लवकर करा

सध्या गावी आली आहे, साकोलीच्या इकडे, धान कापणी जोरात सुरू आहे आणि परवा आमच्या गावची मंडई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि त्या दिवशी पाहुणा नाही असं एक घर गावात सापडणार नाही. काल सपरीत आईसोबत लाखोरीची डाळ निवडत बसली होती तर शेजारच्या काकांची पोरगी आली. ती जानेवारीत शिकायला ॲबर्डीनला येते आहे, मी तिथे 2008 पासून राहते, म्हणून घरभाडं, बँक, थंडीचे कपडे सगळं विचारून झालं आणि मग जाता जाता म्हणाली, "ताई, तिथल्या लोकायले घरी बोलवाचं असंन त काय खाऊ घालाचं?"

मला तिचा इतका आनंद झाला काय सांगू. हा प्रश्न मी पहिली दोन वर्षं कुणाला विचारलाच नाही आणि त्या दोन वर्षांत माझ्या घराची पायरी एकही माणूस चढला नाही. जिच्या घरी मंडईला तीस-तीस माणसांची पंगत उठते ती पोरगी तिथे एकटी बसून जेवायची, कारण मनात एकच, चार भाज्या, वरण, भात, पोळ्या, गोड एवढं जमल्याशिवाय कुणाला बोलवायचं कसं, आणि ऑफिसातून साडेपाचला अंधारात घरी आल्यावर ते जमायचं नाही. म्हणून इथे बसून लिहून काढते, ती एकटीच नाही जाणारी, आपल्या भंडारा-गोंदियाकडची बरीच पोरं आता निघाली आहेत.

तर उत्तर आहे स्मोक्ड सॅमन. उच्चार सॅमनच करा, मधला ल म्हणायचा नाही, मी वर्षभर सालमन म्हणत होते आणि दुकानात दोनदोनदा सांगावं लागायचं. ही मासोळी तिथल्या लहानात लहान सुपरमार्केटात मिळते, शिजवावी लागत नाही, आणि तिथल्या माणसाला ताट पाहूनच कळतं की आपल्यासाठी चांगलं काही मांडलंय. नाताळ, नवीन वर्ष, कुणाचा वाढदिवस, हे ताट असतंच.

धूर दिलेली मासोळी आपल्याला नवी नाही. आमच्या गावात ढिवर मोहल्ल्यात तलावातल्या बारीक मासोळ्या चुलीच्या वर बांबूच्या ताटीवर धुरात सुकवायचे, पावसाळ्यात भाजीचे वांधे झाले की त्याच कामी यायच्या, तो वास मला आजही डोळे मिटले की येतो. पण त्या वासाच्या भरवशावर सॅमनकडे जाल तर फसाल. आपली मासोळी कडक सुकलेली, वर रश्शात उकळलेली. ही ओली, मऊ, रेशमासारखी, आणि मुख्य म्हणजे कच्ची. आधी मिठात मुरवतात, त्याने पाणी सुटतं, मग ओकच्या वगैरे लाकडाचा थंड धूर देतात, थंड म्हणजे साधारण 30 डिग्रीच्या खालीच, त्यामुळे मासा शिजत नाही, फक्त धुराची चव उतरते. हे कोल्ड स्मोक्ड. दुसरा प्रकार हॉट स्मोक्ड, तो गरम धुरात पूर्ण शिजतो, त्याचे मोकळे तुकडे पडतात, आणि कच्च्याचं मनातून जात नसेल तर तुम्ही स्वतः सुरुवात त्याने करा, मी पण तशीच केली होती. पाकिटावर दोन्ही नावं असतात, नीट वाचून घ्या.

आणि कोल्ड स्मोक्डला फोडणी देऊ नका. पहिल्यांदा आणलं तेव्हा मला कच्चं बघवेना म्हणून हळद, तिखट, लसूण घालून तव्यावर परतलं, त्याचा खारट चामड्यासारखा चोथा झाला आणि सगळं टाकावं लागलं, 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं त्यात. पैसे गेल्याचं दुःख वेगळंच, त्या महिन्यात भाडं देऊन हातात फार उरलेलं नव्हतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ऐकून बरं वाटलं. ब्रिटनमध्ये आज खातात ती हलक्या मिठाची, हलक्या धुराची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून लंडनच्या ईस्ट एंडला येऊन राहिलेल्या ज्यू कुटुंबांनी रुजवली. सुरुवातीला ते बाल्टिककडचा मासा मिठाच्या पिंपांतून आणवायचे, मग कळलं की स्कॉटलंडचा ताजा सॅमन लंडनच्याच मासळीबाजारात येतो. म्हणजे गाव सोडून आलेल्या लोकांनी आपल्याकडची रीत आणली आणि तिथल्या मासोळीला लावली, आज तिथले लोक तिला आपलीच समजतात. गाठोडं घेऊन निघालेल्या पोरापोरींनी हे ध्यानात ठेवावं.

घेताना काय बघायचं तर मासा कुठला आणि धूर कुठे दिला, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, मासा नॉर्वेचा आणि धूर स्कॉटलंडचा असंही असतं. घटकांमध्ये मासा, मीठ, धूर, फार तर साखर, एवढंच असलेलं मला आवडतं. केशरी रंग जास्त गडद म्हणजे मासा जास्त चांगला असं काही नाही, पाळलेल्या सॅमनला तो रंग खाद्यातल्या अस्टाझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. आणि यूज बाय तारीख म्हणजे शेवटची तारीख, त्यानंतर वास घेऊन चांगलं दिसतंय म्हणून ठेवायचं नाही. माणशी 40-50 ग्रॅम धरा, आठ जणांना 200 ग्रॅमची दोन पाकिटं पुरतात. आपल्या हाताला हे फार कमी वाटतं, मी पहिल्यांदा आठ जणांसाठी किलोभर आणणार होते, दुकानातल्या बाईने थांबवलं.

आता मांडायचं कसं. पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी पाकीट फ्रिजमधून काढून उघडा, एकदम बर्फगार असलं की काप एकमेकांना चिकटून फाटतात. पातळ काप एकावर एक रचलेले असतात, मधे प्लास्टिकचा कागद असेल तर तो धरून वरचा काप हळूच सोलल्यासारखा उचला, बोटांना तेल लागेल, ते मासोळीचंच असतं. काप ताटावर सपाट पसरू नका, मधे उचलून ओढणीची चूण पडते तसा सैल सोडा म्हणजे खाणाऱ्याला एका चिमटीत उचलता येतो. बाजूला तपकिरी ब्रेड लोणी लावून, छोटे चौकोनी तुकडे करून, किंवा ओटकेक, म्हणजे ओटची खुसखुशीत बिस्किटं, स्कॉटलंडमध्ये तीच जास्त चालतात. एका वाटीत क्रीम चीज. वर काळी मिरी ताजी कुटून. आणि शेपू! होय, तोच शेपू ज्याची भाजी म्हटलं की आपले अर्धे लोक नाक मुरडतात, तिथे त्याला डिल म्हणतात आणि सॅमनसोबत त्याच्या दोन काड्या अशा लागतात की शेपूबद्दलचं मत बदलतं. आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र टाकू नका, त्यापुढे सगळं दबून जातं. लिंबाच्या फोडी बाजूला ठेवा, वरून आधीच पिळू नका, आंबटाने काप वरून पांढरट पडतो, शिजल्यासारखा, ज्याला पाहिजे तो पिळून घेईल.

ब्लिनी नावाचे छोटे जाड धिरडे मिळतात विकत, रशियाकडचे, ते पण चालतं. पण मी काय करते, तांदळाच्या पिठाचे रुपयाएवढे धिरडे टाकते, थंड होऊ देते, त्यावर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का आणि वर सॅमन. हे ताट रिकामं झालं नाही असं आजवर झालेलं नाही, आणि हे काय आहे विचारल्यावर मला आमच्या धानाबद्दल बोलता येतं. जवसाची चटणी सॅमनवर घालायचा मोह होतो, घालून पाहिली, दोन्ही वाया जातात, ती वेगळ्या वाटीत क्रॅकरसोबत ठेवा, लोक खातात.

थंड ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं. ही मासोळी शिजलेली नाही आणि लिस्टेरिया नावाचा जंतू असा आहे की फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू वाढतो. फ्रिज 5 डिग्री किंवा त्याखाली. मी ताट तासाच्या वर बाहेर ठेवत नाही, अर्धं मांडते, अर्धं फ्रिजमध्ये, लागलं की काढते. हिवाळ्यात बाहेर शून्य असलं तरी घरात हीटर लागलेला असतो, ताट रेडिएटरजवळच्या टेबलावर कधीच ठेवू नका, माझं एकदा तीन तास तसं राहिलं होतं आणि मी सगळं फेकलं, कुणाला खाऊ घालायची हिंमत झाली नाही.

आता आग्रह. हे मन लावून वाचा. तीन वर्षांमागे सहा जणांना बोलावलं होतं, त्यात ऑफिसातली एक मैत्रीण. सगळे सॅमन खात होते, तिने फक्त काकडी आणि ब्रेड घेतला. मी म्हटलं घे ना, ती म्हणाली नको. मी परत म्हटलं, अगं एक तरी, खास तुझ्यासाठी आणलं, चांगल्या दुकानातलं आहे. आपल्याकडे तिसऱ्यांदा म्हटलं की पाहुणा घेतो, म्हणून मी तिसऱ्यांदा काप तिच्या ताटलीत ठेवायलाच गेले. ती लाल झाली आणि सगळ्यांसमोर हळूच म्हणाली, मला चालत नाही सध्या. क्षणभर सगळे गप्प आणि मग सगळ्यांना कळलं. गरोदर बायकांनी कोल्ड स्मोक्ड मासा न शिजवता खाऊ नये असं तिथलं सरकारी आरोग्य खातं सांगतं, लिस्टेरियामुळेच, आणि तिला जेमतेम आठवा आठवडा होता, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिने मला नंतर माफ केलं, पण तिची बातमी तिच्या तोंडून काढून घेणारी मी होते हे मला अजून टोचतं.

तिथे नको म्हणजे नको. एकदा विचारायचं, ताट हाताला लागेल असं ठेवायचं आणि गप्पा मारायच्या. आग्रह केला नाही म्हणून पाहुणचार कमी झाला असं तिथे कुणालाच वाटत नाही, मला हे पटायला वर्षं लागली, तुम्ही माझ्या अनुभवावर पटवून घ्या. आणि बोलावतानाच मेसेजमध्ये विचारा, काही चालत नाही का. मासा, दूध, गहू, मोहरी, तीळ ही सगळी तिथल्या 14 ॲलर्जींच्या यादीत आहेत, लोक मोकळेपणाने सांगतात. वय झालेल्या माणसांना आणि ज्यांचं आजारपण चालू आहे त्यांनाही हाच धोका, त्यांच्यासाठी मी सॅमन पूर्ण वाफ येईपर्यंत शिजवून, गरम पास्त्यात घालून देते.

आपल्यातले माळकरी असतील, महानुभाव पंथाचे असतील, तर त्यांचं ताट, सुरी, चमचा सगळं वेगळं, आणि ते ताट दुसऱ्या टेबलावर. एकाच पाटीवर अर्धं इकडे अर्धं तिकडे करून चालणार नाही, ते बिचारे तोंडाने बोलणार नाहीत पण खाणारही नाहीत.

बोलावताना शब्द जपून वापरा. ॲबर्डीनकडे बरेच लोक टी म्हणतात ते संध्याकाळच्या जेवणाला, चहाला बोलावलं असं समजून तुम्ही बिस्किटं ठेवाल आणि ते उपाशी येतील. फक्त खाणंपिणं असेल तर निबल्स म्हणा. सात म्हटलं की सातला येतात. नंतर जेवायला घालायचं असेल तर सॅमन झाल्यावर अर्ध्या तासाने पाटोडीचा रस्सा आणि भात, तिखट निम्मं. ओळखीची गोष्ट आधी पोटात गेली की माणूस अनोळखी रश्शाला हात लावतो, उलटं केलं तर भातच खात बसतो.

उरलेलं उघडं पाकीट त्यावर लिहिलेल्या दिवसांत संपवा, सकाळी अंड्याच्या भुर्जीवर घालून छान लागतं, गॅस बंद केल्यावर घाला. न उघडलेलं यूज बायच्या आधी फ्रीझरमध्ये जातं, मग रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नाही. जानेवारीत दुकानं स्वस्त करतात, तेव्हाच घेऊन ठेवा, या पोरीला तर पोचल्या पोचल्या मिळेल.

ती विचारत होती बॅगेत काय टाकू. मी म्हटलं परात टाक. माझ्याकडे तिथे आईची छोटी पितळी परात आहे, तिच्यात बर्फ भरायचा आणि त्यावर काचेचं ताट ठेवून सॅमन मांडायचं, शेवटचा काप संपेपर्यंत गार राहतं. मासोळी आणि लिंबू थेट पितळेला लागू द्यायचं नाही, कळकतं. आई तेव्हा डाळ निवडत होती, काही बोलली नाही, उठून माळ्यावर चढली आणि दुसरी परात काढून आणली, माझ्या आजीची, काठाला एक पोचा आहे. आता अंगणात चिंच आणि राख घेऊन घासत बसली आहे. मंडईच्या पाहुण्यांसाठी ती परात लागेल असं मला वाटलं होतं, पण म्हणते, "पोरीच्या घरी बी पाहुणे येतीन ना."