प्रोटोकॉल व्हीलॅन लावताय? आधी एआरपी बघा

व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क. एकाच पोर्टवरून आयपीव्ही४ व्हीलॅन १० मधे आणि आयपीव्ही६ व्हीलॅन २० मधे टाकायचंय तर प्रोटोकॉल व्हीलॅन कामाला येतं, म्हणजे स्विच फ्रेमचा (डेटाच्या पाकिटाचा) इथरटाइप, म्हणजे आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा आकडा, बघतो, ०८०० दिसला की आयपीव्ही४, ८६डीडी दिसला की आयपीव्ही६, आणि त्यावरून व्हीलॅन ठरवतो.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगतो. एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक (हार्डवेअरचा पत्ता) शोधणारा प्रोटोकॉल, आणि त्याचा इथरटाइप वेगळा आहे, ०८०६. प्रोटोकॉल ग्रुपमधे (व्हीलॅनला जोडायच्या इथरटाइपच्या यादीत) फक्त ०८०० टाकलात तर एआरपी पोर्टच्या डिफॉल्ट व्हीलॅनमधेच जाणार, गेटवेचा मॅक सापडणार नाही आणि पिंग मारलं की टाइमआउट! मी अख्खी दुपार केबल बदलत बसलो होतो, शेवटी मॅक टेबल उघडलं तर माझा लॅपटॉप व्हीलॅन १ मधे दिसतोय, १० मधे नाहीच. मग ०८०६ पण १० ला जोडला, झालं काम. आयपीव्ही६ ला ही कटकट नाही, त्याचं शेजारी शोधणं ८६डीडी मधूनच चालतं.

बाकी क्रम सोपाय, आधी व्हीलॅन बनवा, मग प्रोटोकॉल ग्रुप किंवा टेम्प्लेट, मग तो पोर्टला बांधा. पण पोर्ट त्या दोन्ही व्हीलॅनचा अनटॅग्ड मेंबर हवा (टॅग म्हणजे फ्रेमवरची व्हीलॅन क्रमांकाची चिठ्ठी, ती न लावता फ्रेम बाहेर जाते), अॅक्सेस मोडमधे, म्हणजे पोर्टला एकच व्हीलॅन असताना, ते जमत नाही, हुआवेवर हायब्रिड करावा लागतो. आणि हे सगळं फक्त टॅग नसलेल्या फ्रेमला लागू, टॅग लावून आलेली फ्रेम आपल्या टॅगप्रमाणेच जाते, तिथे ग्रुपला कोण विचारतंय.

हो, आणि कॉन्फिग सेव्ह करा बरं का, रीबूटनंतर परत पहिल्यापासून नको.