तीन मुलं, तीन टप्पे, शिकवणारं माणूस एक: घरशाळेचं वेळापत्रक आखण्याआधी

घरी तीन मुलांना शिकवायचं आहे, तिघं तीन टप्प्यांवर आहेत आणि शिकवणारं माणूस एकच आहे, तर कागदावर पहिला रकाना स्वतःचा काढा. मुलांचे नंतर. कागद आडवा धरा, डाव्या कडेला १५-१५ मिनिटांच्या ओळी पाडा, मग तुमचा रकाना आणि त्यापुढे प्रत्येक मुलाचा एकेक. घरात कॉम्प्युटर एकच असेल तर त्यालाही रकाना द्या. दोघांना तो एकाच वेळी लागला की भांडण ठरलेलं, आणि ते मिटवायला लागणारी दहा मिनिटं तिसऱ्याच्या वाट्यातून जातात.

आता तुमच्या रकान्यात एक शब्द आधीच लिहून ठेवा: तपासणी. रोज, ठरलेल्या वेळी. बहुतेक वेळापत्रकांत नेमकी हीच नसते, म्हणून ती सगळ्यात आधी. शिकवायची वेळ सगळेच धरतात. मुलांनी एकट्याने केलेलं काम बघायची वेळ कुणी धरत नाही, ते 'मधे कधीतरी' होईल असं वाटतं. मधे कधीतरी काहीही होत नाही.

मग प्रत्येक मूल प्रत्येक विषयात खरोखर कुठे आहे ते लिहा. वय आणि इयत्ता बाजूला ठेवा. आठ वर्षांचं मूल गणितात पुढे आणि लेखनात दोन वर्षं मागे असू शकतं, आणि वेळापत्रकासाठी तेवढंच महत्त्वाचं असतं. गणितात पाच उदाहरणं द्या आणि मदत न करता बघा. वाचनासाठी एक पान मोठ्याने वाचून घ्या. शंभर शब्दांत पाचाहून जास्त ठिकाणी अडलं तर ते पुस्तक एकट्याने वाचायला जड आहे, तुमच्या शेजारी बसून वाचायचं आहे. ही पाहणी एका बैठकीत उरकू नका, दोन दिवसांत विभागा, नाहीतर शेवटच्या विषयात फक्त थकवाच मोजला जातो.

यानंतर विषयांची फाळणी. गणित आणि वाचायला शिकणं वेगवेगळंच ठेवा, कारण तिथे एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढता येत नाही. विज्ञान, इतिहास, भूगोल, गोष्टी, चित्रकला, गाणी एकत्र घ्या. विषय एक, प्रत्येकाकडून अपेक्षा वेगळी. उदाहरणार्थ बाष्पीभवन: एकाच मापाच्या दोन वाट्या, दोन्हींत १००-१०० मिलिलिटर पाणी, एकीवर झाकण, दुसरी उघडी. दुसऱ्या दिवशी सगळ्यात धाकटं मूल कुठल्या वाटीत पाणी कमी झालं ते सांगेल, मधलं मापाच्या भांड्यात ओतून आकडा वाचेल आणि दोन-तीन वाक्यं लिहील, मोठं रोजच्या आकड्यांचा आलेख काढेल आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब का आले ते समजावून लिहील. तयारी एकदाच केली आणि तिघांचा तास झाला. हे न करता तिघांना तीन वेगळे विज्ञानाचे धडे शिकवायला गेलात तर दुपारपर्यंत आवाज बसेल.

आता रंग. ज्या कामात तुम्ही शेजारी बसलेच पाहिजे ते लाल, तुम्ही त्याच खोलीत असलात तरी चालेल ते पिवळं, पूर्ण एकट्याने होणारं हिरवं. कागदावरच्या एका आडव्या ओळीत लाल खूण एकाच मुलापुढे येऊ शकते. दोन लाल दिसले की ओळ चुकली, 'थोडं इकडे थोडं तिकडे बघेन' म्हणून सोडून देऊ नका. अक्षरं शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तुम्ही अर्धवट लक्ष दिलंत तर ते शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून आणि चित्रावरून अंदाजाने वाचायला लागतं, आणि ती सवय सोडवायला महिने जातात. लाल खुणा एकूण किती झाल्या तेही मोजा. दिवसात बाराहून जास्त, म्हणजे तीन तासांवर गेल्या तर विषय कमी करा. तीन तासांच्या लाल कामाला तयारी, आवराआवर आणि तपासणी जोडली की तुमचा दिवस भरतो.

एकट्याने किती वेळ? अंदाजाने धरा: पाच वर्षांचं दहा मिनिटं, आठ वर्षांचं वीस, बारा वर्षांचं चाळीस. आपलं मूल याहून कमी टिकत असेल तर कमीच धरा. इथे एक नियम मोडू नका: एकट्याच्या वेळेत नवीन काही द्यायचं नाही. कालपर्यंत शिकून झालेलं, सरावाचंच. भागाकाराची नवी पद्धत हिरव्या रंगात टाकलीत तर चौथ्या मिनिटाला मूल तुमच्यापुढे उभं राहील, आणि त्याच वेळी धाकट्याचा लाल तास चालू असेल.

तरीही अडणारच. अडल्यावर काय करायचं ते भिंतीवर लावा: प्रश्न पुन्हा वाच, वरचं सोडवलेलं उदाहरण बघ, नाहीच जमलं तर समासात प्रश्नचिन्ह काढ आणि पुढचं सोडव. हे तिन्ही करून झालं की हातात घ्यायचं एक राखीव काम ठरलेलं असावं, म्हणजे वाचनाचं पुस्तक किंवा पाढे लिहिणं. हाक मारायची नाही. रक्त आलं किंवा पाणी सांडलं तर मारायची, एवढं सांगून ठेवा.

आणि ती प्रश्नचिन्हं कुणी बघायची? म्हणून तपासणी.

ती का लागते ते एका वहीत बघा. मधल्या मुलाला हातच्याच्या वजाबाकीची वीस गणितं दिली. त्याने लिहिलं ५२ − ३७ = २५. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने उलटं करून ७ मधून २ वजा केले; दशकात ५ मधून ३ गेले, २ उरले. त्याच पानावर ६८ − ४३ = २५ हे बरोबर आहे, कारण तिथे हातचा लागतच नाही. वरवर पान भरलेलं आहे, अक्षर नीट आहे, निम्मी उत्तरंही बरोबर आहेत. तुम्ही लांबून बघून 'छान' म्हणालात. चार दिवस असंच गेलं तर मुलाने चुकीच्या रीतीचा चार दिवस मन लावून सराव केला, आणि आता शिकवण्याआधी ती विसरायला लावावी लागेल. पहिल्याच दिवशी तीन गणितं बघितली असती तर दशक सुटा करून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. आठवड्याच्या शेवटी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसणं याला उपाय नाही. तोपर्यंत मुलाला आपण तसं का केलं ते आठवत नाही, आणि तुम्हाला फक्त लाल फुल्या मारता येतात.

तेव्हा तपासणी अशी मांडा. धाकट्याचं जागच्या जागी, वही मिटायच्या आत. मधल्याची पहिली तीन गणितं काम सुरू झाल्यावर पाच मिनिटांत बघायची, ती बरोबर असतील तरच उरलेली करू द्यायची. मोठ्याने उत्तरसूचीवरून स्वतः तपासायचं, पण वेगळ्या रंगाच्या पेनने, आणि त्यातलं एखादं गणित तुम्ही तोंडी विचारायचं: 'हे कसं आलं?' उत्तर बरोबर असून सांगता येत नसेल तर ते सूचीतून आलं आहे. रागावू नका, सूची कपाटात ठेवा आणि काम संपल्यावर द्या. निबंध तपासताना एका वेळी दोनच प्रकारच्या चुका धरा, म्हणजे आज ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं. सगळंच खुणावलं तर मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं.

तपासणी झाली की एका छोट्या वहीत प्रत्येक मुलापुढे एक ओळ: कुठे अडलं, उद्या कुठून सुरू. उद्याचं वेळापत्रक याच ओळीवरून ठरतं. ती नसेल तर सकाळी तुम्ही अंदाजाने पान उघडता. आणि मुलाच्या रकान्यात दुसऱ्या दिवशीची पहिली पाच-दहा मिनिटं दुरुस्तीला द्या. तुमच्या रकान्यात तपासणी, त्यांच्या रकान्यात दुरुस्ती. एक लिहून दुसरं वगळलं तर दोन्ही वाया.

सकाळ साधारण अशी दिसावी. ९ ते ९.१५ धाकटं तुमच्याजवळ, अक्षरं आणि वाचन. ज्याला थांबता येत नाही त्याचं आधी करा. त्याला मन भरून पंधरा मिनिटं मिळाली की पुढे ते खेळात रमतं. तेवढ्या वेळात मधलं दुरुस्ती आणि पाढे करेल, मोठं दुरुस्ती करून गणिताच्या सरावाला लागेल. ९.१५ ला मधल्याचं नवं गणित, धाकट्याला ठोकळे. ९.३० ला मधलं सरावाला, तुम्ही पाच मिनिटांनी त्याची पहिली तीन गणितं बघायची आणि धाकट्याशी वस्तू मोजायच्या. ९.४५ ते १०.१५ मोठ्याचं नवं गणित, कारण त्याला सलग अर्धा तास लागतो. मधल्याचा सराव संपला की एकट्याने वाचन. १०.१५ ते १०.३० मुलांना सुटी आणि तुमची तपासणी. या पंधरा मिनिटांत फोन घेऊ नका, आवराआवर करू नका. ही वेळ रिकामी दिसते म्हणून सगळ्यात आधी हीच खाल्ली जाते. १०.३० नंतर सगळे एकत्र.

यातल्या प्रत्येक वेळेला चिकटून राहायची गरज नाही. सुरुवात, सुटी आणि जेवण एवढी तीनच घड्याळावर ठेवा, बाकी क्रम पाळा. दर दोन तासांत पंधरा मिनिटं कुणालाच न दिलेली असू द्या. आणि आवाजाचंही बघा: धाकटं मोठ्याने वाचत असताना मोठ्याला त्याच टेबलावर उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला बसवू नका.

घरात चालतं-फिरतं लहान मूल असेल तर एका खोक्यात काही खेळणी वेगळी काढा आणि ती फक्त अभ्यासाच्या वेळी बाहेर येतील असं बघा. दिवसभर समोर असलेल्या खोक्याचा उपयोग शून्य. ते झोपतं तो वेळ मोठ्याच्या सगळ्यात अवघड विषयाला राखा.

मोठ्याने धाकट्याला शिकवावं का? दहा मिनिटं धाकट्याचं वाचन ऐकावं, खेळात मोजून घ्यावं, इतपत चालेल. नवीन संकल्पना नको, रोज नको आणि तपासणी तर अजिबात नको. भावंडाच्या हातची फुली मुलं सहन करत नाहीत, आणि मोठ्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो तो निराळाच.

साहित्य आदल्या रात्री. प्रत्येकाचा एक ट्रे, कामाच्या क्रमाने लावलेला, पेन्सिलींना टोक केलेलं, छापायची पानं छापलेली. सकाळी खोडरबर शोधण्यात तिघांचाही वेळ एकदम जातो.

चित्रकला, नकाशे, प्रयोग, हस्तकला यांना वार देऊ नका. त्यांची एक यादी करा आणि वेळ मिळाला की पुढचं घ्या. बुधवार बुडाला म्हणून महिनाभर नकाशा राहून गेला असं होत नाही. आठवड्यातला एक दिवस हलका ठेवा. आजारपणाच्या दिवसासाठी वेगळी तीन ओळींची यादी असू द्या: वाचन, पाढे, गोष्ट ऐकणं. तुम्ही आजारी असाल तर फक्त गोष्ट. त्या दिवशी तपासणी नाही, पण मग एकट्याचं लेखी कामही द्यायचं नाही.

हजेरी, विषयांच्या नोंदी, परीक्षा यांचे तुमच्या इथले नियम काय आहेत ते वर्ष सुरू होण्याआधी बघून घ्या. नोंदी आपल्या त्या एका ओळीच्या वहीतूनच काढता येतात.

आणि पहिल्या दिवशी सगळे विषय सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त गणित आणि वाचन, नंतर दर आठवड्याला एकच विषय वाढवा. आठवडाभर १०.१५ ची तपासणी बुडली नसेल तर.