आधी तिथी बघा, मग चित्र उतरवा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी ठाणे खाडीचा अर्धा चिखल गायब केला होता. नकाशावर. २०१६ आणि २०१९ अशा दोन सालांतली सेंटिनेल-२ उपग्रहाची दोन चित्रं घेतली, प्रत्येक ठिपका पाणी, चिखल की झाडी असं वर्गीकरण केलं, दोन सालांची वजाबाकी केली आणि लाल रंगात ‘नष्ट झालेली दलदल’ दाखवली. ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंत सगळं लालभडक. विभागात सगळे खूश, आणि मी तर शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं.

तो नकाशा घेऊन बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात गेले. मैत्रिणीचे काका आयुष्यभर याच खाडीत होडी घालणारे. चिखलाच्या कुठल्या पट्ट्यांना ते काय नावं देतात, एवढंच मला विचारायचं होतं. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “ह्यो फोटू कनच्या तिथीचा?”

मला माहीत नव्हतं. तारीख माहीत होती, ढगांची टक्केवारी तोंडपाठ होती. तिथी बघायचं डोक्यातही आलं नव्हतं.

खाडीकाठी राहणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा लागू. खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी सूट द्यायची.

आता ही गोष्ट उपग्रहाशेजारी ठेवा. सेंटिनेल-२ आपल्या डोक्यावरून जातो तो नेहमी सकाळी अकराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येचं कुठलंही चित्र उतरवा, खाडी उधाणाच्या भरतीने तुडुंब. अष्टमीच्या मागेपुढे उतरवा, तर ओहोटी लागलेली आणि चिखल उघडा. माझं २०१६ चं चित्र अष्टमीचं होतं, २०१९ चं पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं. चिखल कुठेही गेला नव्हता, पाण्याखाली होता.

हे ज्याला आधी कळतं त्याची सहा महिन्यांची मेहनत वाचते. म्हणून उपग्रहचित्रांवरून नकाशे करण्याच्या (रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस) या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी सॉफ्टवेअरच्या आधी हे सांगते.

सॉफ्टवेअरचं फार अवघड नाही. महागडा लॅपटॉप लागतो हा गैरसमज आहे. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. उपग्रहचित्रांवर काम करायचं गुगल अर्थ इंजिन अभ्यासासाठी मोफत असून गणित त्यांच्या संगणकावर होतं, आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि पाया पक्का करतात. आयआयटी मुंबईत या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, पण तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून अडत नाही. थोडं पायथन शिका. भूगोलवाल्यांना त्याची भीती वाटते, मलाही वाटायची.

चित्रांचं म्हणाल तर दोन नावं पुरेत. अमेरिकेचा लँडसॅट: ३० मीटरचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तेवढा चौकोन), पण १९८४ पासूनची एकसारखी मालिका, आणि २००८ पासून सगळी मोफत. नवी मुंबई भराव टाकत टाकत कशी पसरली हे बघायचं तर हाच. दुसरा युरोपचा सेंटिनेल-२: २०१५ पासून, १० मीटरचा पिक्सेल, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी फेरी. त्याचे लघुअवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे) पट्टे मात्र २० मीटरचे आहेत आणि खारफुटीसाठी तेच सगळ्यात कामाचे. हिरवं पान जवळचं अवरक्त भरपूर परतवतं, त्यावर एनडीव्हीआय हा निर्देशांक बेतलेला. पण तो फक्त ‘हिरवं आहे’ एवढंच सांगतो. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, खाली ओला चिखल असतो आणि पाणी लघुअवरक्त शोषून घेतं. त्यामुळे त्या पट्ट्यात तिवरं बाजूच्या कोरड्या बांधावरच्या वेड्या बाभळीपेक्षा काळपट दिसतात. नुसत्या एनडीव्हीआयवर खारफुटी काढलेला नकाशा दिसला की मी आधी बांधावरच्या बाभळी शोधते.

महिना कोणता घ्यायचा? पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं, तेव्हा गवत आणि खारफुटी वेगळं करणं जिकिरीचं. फेब्रुवारी ते मे उत्तम: टेकड्या पिवळ्या पडलेल्या, तिवरं तेवढी हिरवी. जून ते सप्टेंबर ढगच ढग.

आपल्या भागात काही खास फसवे कोपरे आहेत. मिठागरं बघा: उन्हाळ्यात मीठ पिकलं की पांढरीफटक, भरतीचं पाणी घेतलं की तलाव, पावसात हिरवट डबकी. एकच जागा तीन वर्गांत जाते. सीवूड्स-बेलापूरच्या टॉवरांच्या सावल्या पाणी म्हणून मोजल्या जातात. एकदा माझ्या नकाशात रस्त्यापलीकडच्या सोसायटीत बारीकसा ‘तलाव’ निघाला, तो वीस मजल्यांची सावली होता. क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रोजेक्शनही (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) तपासा. ठाणे-नवी मुंबई यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर विभागात येते. अंश-मिनिटांतल्या थरावर क्षेत्रफळ काढून चौरस अंशांतला आकडा गाइडना दाखवणारी मी पहिली नव्हते, हीच काय ती सांत्वनाची बाब. आणि चित्राच्या माहितीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. पाच चाळीस दिसलं की साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे अकरा दहा. पहाटेचं चित्र समजून भरतीचा हिशेब कराल तर पुन्हा माझ्याच खड्ड्यात पडाल.

प्रत्यक्ष जमिनीवर जायला पर्याय नाही, आणि इथेच बरेच जण कच खातात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीतही आला. त्यामुळे वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी, होडी नंतर. अर्ज लवकर करा. स्थानिक माणूस सोबत हवाच, कारण चिखल कुठे घोट्यापर्यंत आणि कुठे मांडीपर्यंत हे कुठलाही उपग्रह सांगत नाही. गमबूट नकोत, चिखल ते पायातून ओढून घेतो. घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे, कारण तिवरांची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फोनचा जीपीएस उघड्यावर पाचेक मीटरपर्यंत ठीक चालतो, दाट झाडीत भरकटतो. म्हणून नोंद पट्ट्याच्या अगदी काठावर घेऊ नका, आत घ्या, जिथे आजूबाजूचे चार-पाच पिक्सेल एकाच जातीचे असतील. निवट्या उड्या मारताहेत, चिंबोऱ्यांची बिळं आहेत, असं वहीत जरूर लिहा. सहा महिन्यांनी फोटो बघताना तीच नोंद जागा ओळखून देते.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असं मला धाकटे विद्यार्थी विचारतात. साधा हिशेब करा. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांत खारफुटीचा पट्टा १००० चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याभोवती ५० मीटरची संरक्षक पट्टी येते. सेंटिनेलचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे दहा पिक्सेल इकडचे तिकडे झाले तर पट्टी येते किंवा जाते, आणि ती पट्टी स्वतः जेमतेम पाच पिक्सेल रुंद. कायदेशीर नकाशे अर्थातच अधिकृत संस्था १:४००० इतक्या मोठ्या प्रमाणावर करतात, विद्यार्थ्याच्या नकाशावर कोणी निकाल देत नाही. पण २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातल्यापासून या शहरांत खारफुटीचा प्रत्येक नकाशा कोणाच्या तरी फाइलीत जाऊन बसू शकतो. भरतीच्या चित्रावरून ‘चिखल नष्ट’ म्हणणं खोडसाळपणाइतकंच महागात पडतं. ज्यांना जागा हवी आहे, ते तुमची एक चूक दाखवून बाकी खरं कामही उडवून लावतात.

खारफुटी वाढलेली दिसली म्हणून लगेच टाळ्याही वाजवू नका. ठाणे खाडी गाळाने भरतेय, आणि उथळ झालेल्या चिखलावर तिवरं पुढे सरकताहेत. फ्लेमिंगोंना ओहोटीला चरायला उघडा चिखल लागतो. भरती चढली की ते उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन बसतात. नकाशात हिरवं वाढलं की पक्ष्यांचं ताट लहान झालं, असंही असू शकतं. म्हणून खारफुटी, चिखल आणि पाणी हे तिन्ही वर्ग नेहमी एकत्रच दाखवा.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या, संशोधन प्रकल्पांतली सहायक पदं, महापालिकांची जीआयएसची कंत्राटी कामं आणि काही स्वयंसेवी संस्था. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्रांना सांगण्यासारखा नसतो. मुलाखतीत पदवीपेक्षा तुम्ही स्वतः केलेला एक नकाशा आणि त्यातल्या चुकांचा तक्ता (कुठला वर्ग चुकून कुठल्या वर्गात गेला) जास्त कामी येतो. अचूकता ९५ टक्के लिहिलेली दिसली की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, तपासणीचे बिंदू कुठून घेतले? संगणकाला वर्ग शिकवायला वापरलेल्याच बिंदूंवर तपासणी केली असेल तर तिथेच मुलाखत संपली समजा.

माझ्या फाइलींची नावं आता तारीख, तिथी आणि भरतीची उंची अशी असतात. तिथी घरातल्या कालनिर्णयवरून, उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकांतून. तरी एक भोक राहतंच. उधाणाची सगळ्यात खोल ओहोटी आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते आणि अकराच्या उपग्रहाला ती कधीच दिसत नाही. सेंटिनेल-१ हा रडारवाला मात्र नेमका पहाटे आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला जातो, त्याला ढगांचीही अडचण नाही. सध्या त्याच्याशी झटापट चालू आहे. वारा पडलेलं पाणी आणि गुळगुळीत ओला चिखल, दोन्ही त्यात सारखेच काळे येतात. येत्या अमावस्येला पहाटे साडेपाचला काकांच्या होडीतून निघायचं ठरलंय. उपग्रह डोक्यावरून जाताना पाण्याची कड नक्की कुठे आहे, ते जीपीएसने आखून आणायचं आहे.