लोच आणताय? आधी तळाला पान वाढायची तयारी करा

लोच म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारे मासे. माझ्या पहिल्या चार कुली लोचपैकी दोन उपाशी मेले, आणि टाकीत त्या वेळी रोज दोन वेळा खाणं पडत होतं. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची यादी मी एवढी का ताणतोय ते कळेल. दुकानदार म्हणाला होता, हे खाली पडलेलं उष्टं खातात, टाकी पण साफ राहते, वेगळं काही घालायला नको. पण उष्टं खाली पडायला वरच्यांनी काही ठेवायला तर पाहिजे ना, माझ्याकडे वर आठ टायगर बार्ब मासे, त्यांच्या पंगतीत एक दाणा सुद्धा वाळूपर्यंत जात नव्हता. मेलेला कुली बाहेर काढला तेव्हा पोट खपाटीला गेलेलं आणि पाठ सुरीच्या धारेसारखी. त्यामुळे आता कोणी विचारलं की मी म्हणतो मासा नंतर आण, आधी खाणं खाली आणि अंधारात कसं पोचणार ते ठरव.

सगळ्यात आधी कुठला लोच आणताय ते नक्की करा, कारण लोच म्हणजे एक मासा नाही, अख्खं खानदान आहे आणि घरात प्रत्येकाची आवड वेगळी. कुली म्हणजे तो तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचा, सापासारखा, जेमतेम बोटाएवढा (नाव ऐकून आमच्या घरात पहिला प्रश्न आला की सामान उचलतो का). तो लाजाळू, रात्रीचा, तोंड बारीक, त्याला बारीक आणि मऊ लागतं. बोटिया मंडळी म्हणजे योयो, झेब्रा, क्लाउन, ही धटिंगण, दिवसा पण बाहेर येतात, गोगलगाई फोडून खातात आणि एकमेकांना ढुशा देऊन वेफर (माशांच्या खाण्याच्या चकत्या) पळवतात. क्लाउन लोच दुकानात दोन इंची गोंडस दिसतो पण तो सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला मासा आहे, पूर्ण वाढला तर ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि वर्षानुवर्षं जगतो, तेव्हा तीन फुटी टाकीवाल्यांनी त्याचा नाद सोडा, मी पण सोडलाय. झेब्रा लोच मात्र आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला, प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी १९२० साली त्याचं वर्णन केलं आणि आज तो आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातल्या माशांत आहे, म्हणून घेताना तो नदीतून पकडलेला आहे का हे विचारा तरी. आणि हिलस्ट्रीम लोच असेल तर गोष्टच निराळी, तो दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातो, त्याच्यासाठी महिनाभर आधी बाल्कनीत बादलीत पाणी घालून गोटे उन्हात ठेवा, हिरवे झाले की आलटून पालटून टाकीत.

दुकानात अजून एक करा, पैसे द्यायच्या आधी समोर खाऊन दाखवायला सांगा. कुली बहुतेक जंगली पकडलेले येतात, त्यांनी जन्मात पेलेट, म्हणजे खाण्याची गोळी, बघितलेलं नसतं, सुरुवातीचे काही दिवस वेफरच्या शेजारून निघून जातात. पण ब्लडवर्म (बारीक लाल किडे) टाकल्यावर पण जो ढिम्म हलत नाही तो घ्यायचा नाही. पाठ सुरीसारखी दिसते तो पण नाही. आणि एक-दोन आणून काही उपयोग नाही, पाच-सहा एकत्र असले तरच ते बाहेर येऊन जेवतात, एकटा असला तर लाकडाखालून तोंड सुद्धा बाहेर काढत नाही.

आता वाळू. ही खाण्याच्या यादीत कशाला असं वाटेल, पण वाळू म्हणजे त्यांचं ताट आहे. माझ्याकडे आधी रंगीत खडी होती, निळी आणि पांढरी, (हसू नका, सगळ्यांची सुरुवात तशीच होते) आणि वेफरचा चुरा त्या खडीच्या फटीत जाऊन बसायचा, तिथे कुलीचं तोंड पोचायचं नाही आणि तो सडून पाणी मात्र बिघडायचं. शिवाय धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात, आणि अंधारात अन्न शोधायचं सगळं काम त्या मिशांवरच. बारीक, गोल कणाची नदीची वाळू घ्या, चाळून घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, माझे त्यात पाच-सहा बादल्या पाणी आणि एक रविवार गेला. धुवायच्या आधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, ती पाणी जड करेल, ती नको. दोन इंच थर बास. वाळू बसल्यावर एकदा रात्री बघाच, कुली तोंडात वाळू घेतो, आतल्या आत चाळतो आणि कल्ल्यांतून कण कण बाहेर सोडतो, पिठाच्या गिरणीसारखं चालू असतं.

वाळू असली तरी ताट वेगळं ठेवाच. मी दिवाळीतली साधी मातीची पणती वापरतो, रंग न दिलेली, तेल न लागलेली, कोरी. दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायची मग टाकीत एका कोपऱ्यात वाळूत अर्धी गाडायची. पणतीचा फायदा असा की उरलेलं एका जागी राहतं, सकाळी उचलून बाहेर, आणि मासे पण शिकतात की जेवण इथेच येतं. पणतीच्या वर करवंटीचा अर्धा भाग पालथा घातला आणि त्याला फक्त कुली शिरेल एवढी खाच ठेवली तर बार्ब आत घुसत नाहीत, ही माझी स्वतःची जुगाड आहे आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. करवंटी आधी उकळून, शेंड्या आणि खोबऱ्याचा कण न् कण खरवडून घ्या, नाही तर पाणी चहासारखं होतं आणि वास मारतो.

खाण्याचं सामान. घरात तीन प्रकार तरी असू द्या म्हणजे एकाच गोष्टीची सवय लागत नाही. एक, बुडणारे वेफर किंवा बारीक पेलेट. हिकारी कंपनीचे सिंकिंग वेफर मी वापरतो, दुसरे पण चालतात, पण पाकिटावर बुडणारं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. घरी आल्यावर स्टीलच्या नाही, काचेच्या ग्लासमध्ये टाकीचं पाणी घ्या आणि दोन दाणे टाकून घड्याळ लावा. लगेच तळाला गेला तर पास. अर्धा मिनिट तरंगला तर तो खालच्यांसाठी नाहीच, वरचे तेवढ्यात फस्त करतात. आणि दहा मिनिटांनी परत बघा, तो मऊ होऊन जागच्या जागी राहिला पाहिजे, विरघळून ग्लास गढूळ झाला तर टाकीत पण तेच होणार. फ्रीझ-ड्राइड ट्यूबिफेक्सचे (गाळातले बारीक किडे, वाळवलेले) चौकोनी तुकडे तर बुचासारखे तरंगतात, ते भिजवून बोटांनी दाबून हवा काढल्याशिवाय खाली जात नाहीत.

दोन, फ्रोझन ब्लडवर्म. ह्या यादीतली सगळ्यात अवघड तयारी म्हणजे फ्रीजरची परवानगी. आमच्याकडे ती झाकणाचा वेगळा डबा, वर मोठ्या अक्षरात "मासे", आणि आइस्क्रीमच्या कप्प्यात नाही, ह्या अटींवर मिळाली. वापरताना तुकडा वाटीत टाकीच्याच पाण्यात वितळवायचा, चहाच्या गाळणीत गाळून (गाळणी वेगळी घ्या, प्लीज) ते लाल पाणी फेकायचं आणि किडे तेवढे घालायचे. काहींना ह्याची ॲलर्जी येते, हात खाजतात, डोळे चुरचुरतात, तसं झालं तर हातमोजे घाला. जिवंत ट्यूबिफेक्स स्वस्त मिळतात आणि मासे तुटून पडतात पण ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात, मी आता आणत नाही.

तीन, भाजी. काकडीची चकती साल काढून एक मिनिट उकळत्या पाण्यात, मग गार करून स्टीलच्या काट्याला टोचून तळाला, काट्याच्या वजनाने ती खाली राहते. मटार मीठ न घालता उकडून, साल काढून, दाणा चिमटीत दाबून. बोटिया काकडीवर खूश असतात, कुली वास घेऊन निघून जातात बहुतेक वेळा, त्यांना किडेच हवेत. रात्री घातलेली भाजी सकाळी बाहेर आलीच पाहिजे.

बोटिया असतील तर शिंपल्याची... म्हणजे गोगलगाईंची बरणी पण चालू करा. रोपांबरोबर फुकट येणाऱ्या त्या बारीक गोगलगाई एका बरणीत, उकडलेल्या पालकाचं पान आठवड्यातून एकदा, बस्स, त्या आपोआप वाढतात. शेतातल्या, ओढ्यातल्या उचलून आणू नका, त्यांच्याबरोबर परजीवी येऊ शकतात.

हत्यारं फार नाहीत. मेडिकलमधून सुई नसलेली मोठी सिरिंज आणि तिला टोकाला एअर पंपाच्या पाइपचा फूटभर तुकडा, एवढ्यात काम होतं. वितळलेले किडे सिरिंजमध्ये ओढायचे, पाइप पणतीपर्यंत न्यायचा आणि हळू दाबायचं, वरच्यांना कळेपर्यंत जेवण खाली वाढून झालेलं असतं. जोरात दाबलं की किडे टाकीभर उडतात आणि बार्बांची दिवाळी, त्यामुळे पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यावर सराव करा. शिवाय एक लांब चिमटा, आणि लाल जिलेटिन पेपर लावलेला टॉर्च, कारण पांढरा उजेड पडला की कुली एका सेकंदात गायब. फिल्टरच्या पाणी ओढायच्या तोंडाला स्पंज लावा, नाही तर कुली त्यातून आत जातात, आणि झाकणाला फट ठेवू नका, त्यातून बाहेर पण जातात.

वेळ ठरवताना युक्ती अशी की आधी वरच्यांना एका टोकाला पोटभर द्यायचं, लाइट बंद करायचा, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग दुसऱ्या टोकाला पणतीत. आमच्याकडे बार्ब साडेनऊला, लाइट दहाला, कुली पावणेअकराला. किती घालायचं तर माझ्या सहा कुलींना एक वेफर तीन-चार तुकडे करून, नाही तर ब्लडवर्मचा अर्धा तुकडा, आठवड्यातून एक दिवस उपास. पण हा माझा हिशोब झाला, तुमचा पणती सांगेल. सकाळी पणती चाटूनपुसून साफ असेल तर किंचित वाढवा, पांढरी बुरशी धरलेला तुकडा दिसला तर कमी करा. पोट किंचित गोल दिसलं पाहिजे, फुगलेलं नाही. व्यवस्थित खाऊन पण मासा वाळत चालला असेल तर पोटात जंत असू शकतात, अशा वेळी खाणं वाढवून काही होत नाही. औषध जाणकाराला विचारूनच, कारण लोचची खवलं एकदम बारीक, त्यांना औषधं इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. म्हणूनच नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा असं मी म्हणतो, तिथे वरचे कोणी नसतात, कोण खातो कोण नाही ते स्पष्ट दिसतं.

पाण्याचं थोडक्यात. टाकी आधी महिनाभर चालू असू दे, टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (घाण सडून होणारी विषं) शून्य दिसल्याशिवाय लोच नकोत, कारण उरलेलं सडतं ते तळालाच आणि हे झोपतात पण तिथेच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, पणतीच्या आसपासची वाळू सायफनने वरवर ओढून. कुली-बोटियांना तापमान २५-२७, पुण्यात डिसेंबरमध्ये हीटर लागतोच, पाणी गार पडलं की ते खात नाहीत आणि घातलेलं तसंच राहतं. हां, आणि क्लाउन किंवा योयो आडवा पडलेला दिसला तर लगेच रडायला बसू नका, पोट भरलं की ते असेच लोळतात. जेवताना टक टक असा आवाज आला तर तो पण त्यांचाच, फिल्टर उघडून बसू नका, मी बसलो होतो मित्राकडे.

शेवटी गावी जायची तयारी, ही पण मासे आणायच्या आधीच ठरवा. धडधाकट मोठे लोच आठवडाभर खाणं नसलं तरी राहतात, त्यामुळे चार-पाच दिवस असतील तर कोणाला काही सांगू नका, सुट्टीत टाकीत सोडायचे ते विरघळणारे पांढरे हॉलिडे ब्लॉक तर अजिबात नकोत. जास्त दिवस असतील तर एकेका दिवसाची पुडी बांधा, वर वार लिहा, उरलेला डबा कपाटात लपवा. मागच्या गणपतीत आम्ही दहा दिवस गुहागरला होतो, शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि तीन पुड्या. दुसऱ्याच दिवशी फोन आला की तिन्ही घातल्या रे, आणि त्या पण लाइट चालू असताना, कारण "बिचारे सगळे वर येऊन तोंड उघडून बघत होते."

ते बार्ब होते, काकू.